अकरा गोल

कोटा बहारू, मलेशिया
२० एप्रिल २००३

सापिया ताई,

सलाम. पोचलो. पोचून पंधरा दिवस झाले आणि पत्र आत्ता, म्हणून तू चिडली असशील. चीड. इथे माझ्यावर चिडणारं कोणी नाही, नुसते ओरडणारे आहेत.

वारदा दूध पिते का नीट? तिला डाव्या कुशीवर निजवायचं, उजवीकडे वळवली की रडते, हे सांगायचं राहूनच गेलं. तिच्या आईला, लस्त्रीला, ते माहीत होतं. मला लस्त्री गेल्यावर तीन दिवसांनी कळलं. वारदाचे पाय गार पडतात म्हणून जोडा पाठवतोय, फुटबॉलचाच, बोटाएवढा. दुकानदाराने विचारलं, "खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो?" मी म्हटलं, "आठ महिन्यांची आहे, अजून नुसती बसते. आमच्या बचावफळीत चालून जाईल."

गावात लोक काय म्हणतात ते लिही. मी कापड अंथरलं ते तुला आवडलं नाही, मला दिसलं. तू म्हणालीस, "इदू, एवढं कशाला? मी सांभाळते, तू मोसम संपला की ये आणि घेऊन जा. पांढरं कापड अंथरलंस की मागे फिरता येत नाही." खरं आहे. पण ताई, भाजीची पिशवी शेजारी ठेवून बाजारात जावं तशी मी माझी पोर ठेवून जायची का? लस्त्रीचे चाळीस दिवसही झाले नव्हते. पोरीचा मान राहावा म्हणून इमामांसमोर, विडा-सुपारीचं तबक ठेवून, तिला कापडावर निजवून, तोंडाने तीनदा "दिली" म्हणून दिली. सारं वाईमोरात गाव बघत होतं. आपल्या दोघांचं कानातलं बोलणं वेगळं. ऑक्टोबर. मोसम संपला की मी आलोच. काहार दाजींच्याही कानावर घालून ठेव.

खेळ बरा चाललाय. तीन सामन्यांत दोन गोल. इथला भोंगेवाला आपलं आडनाव अर्धं गिळतो, पण काय आवाज आहे! बारा हजार माणसांवरून नाव फिरून परत आपल्या कानात येतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला लस्त्रीचीसुद्धा आठवण येत नाही.

तुझा,
इदू


हायफाँग, व्हिएतनाम
२ फेब्रुवारी २००६

सापिया ताई,

इथे नव्या वर्षाची सुट्टी आहे, सगळं बंद, आणि थंडी अशी की मी दोन दोन मोजे घालून बसलोय. आपल्याकडचा एक माणूस इथे भेटेल तर शपथ. परवा साबुदाण्याच्या पिठाचं पाकीट दिसलं म्हणून पापेडा करायला गेलो. झाली ती खळ. भिंतीवर कागद चिकटवायला उपयोगी पडली. तुझ्या वारदाचा फोटो त्याच खळीने लावलाय.

तुझं म्हणणं, "मोसम तुझे संपतात की नाही?" संपतात गं. पण एक संपायच्या आत दुसरा धरावा लागतो, नाहीतर आपल्यासारखे पन्नास जण धक्क्यावर उभेच असतात. कोटा बहारूच्या त्या मोसमात अकरा गोल केले म्हणून पुढचं बोलावणं आलं, तिथून हे आलं. अकरा गोल करणाऱ्या माणसाला संघ मध्येच सोडत नाहीत ताई, गळ्यात पडतात. म्हणून तो ऑक्टोबर हुकला. पुढचाही तसाच.

फोटोत ती दाजींच्या खांद्यावर बसली आहे. त्यांना बाबा म्हणते असं लिहिलंस. म्हणू दे. मूल समोर दिसेल त्यालाच म्हणणार, भिंतीवरच्याला कसं म्हणेल? आणि तू विचारलंस, फोटोतला हा कोण म्हणून विचारते, काय सांगू? तूर्त मामा सांग. मामा म्हणजे काही परका नाही. एका मोसमापुरता मामा.

जोडा लहान झाला म्हणालीस. पुढचा मोठा पाठवतो.

इदू


सुरबाया
११ नोव्हेंबर २००९

ताई,

बोट सुटेपर्यंत धक्क्यावर कोणी आलं नाही. दाजी तरी येतील असं वाटलं होतं.

काय झालं ते तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण तुझ्या घरात मला दोन वाक्यं पुरी करू दिली नाहीत. मी भांडायला आलो नव्हतो. इथे घर घेतलंय, दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, शाळा समोरच. दोन मोसम इथेच खेळायचंय, कुठे जायचं नाही. म्हणून आलो.

वारदा लवंगांच्या चटईवर बसून देठ मोडत होती. मला पाहून ओरडली, "आई, मामा आला! टीव्हीतला मामा!" धावत आली, पण दोन हातांवर थांबली आणि म्हणाली, "मामा, लवंगांवर पाय देऊ नका, बाबा ओरडतात." मी पाय मागे घेतला. सहा वर्षांत आमचं एवढंच बोलणं झालं.

तू मला आत नेलंस. बाहेरून माणसं आली, जशी आपल्याकडे येतात, बोलावल्याशिवाय. दाजी म्हणाले, "ये, बस, मासा भाजलाय." मी म्हटलं, "दाजी, आपलं ठरलं होतं मोसम संपेपर्यंत. मी न्यायला आलोय." तर ते तुझ्याकडे बघायला लागले. त्यांना तू कधी सांगितलंच नव्हतंस! त्या भल्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि तू काय म्हणालीस? "कुठला मोसम, इदू? सहा झाले."

बरं, हेही मी सोसलं असतं. पण मोसाकाका दारातून म्हणाले, "पांढऱ्या कापडावरून उचललेलं लेकरू परत कापडावर ठेवत नाहीत. चेंडू आहे काय तो, तू पास दिलास, पुढे पळालास, आणि आता हात वर करून मागतोस?" सगळे हसले. खिडकीतली बायामाणसंसुद्धा. ताई, तूही ओठ दाबलेस, मी पाहिलं. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं आणि मी तुला चोर म्हणालो.

वारदाला काही कळलं नाही, ती बाहेर होती. गावातला कोणी तिला सांगणारही नाही. दिलेल्या लेकराचं मूळ जो काढेल त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, हे मला काय सांगतेस.

चोर हा शब्द मी परत घेतो, असं लिहायला बसलो होतो. आज घेत नाही.

इद्रिस


मंडाले, म्यानमार
२ जून २०१४

ताई,

पाच वर्षांत तुझी ओळ नाही. मी मध्ये तीनदा लिहिलं, ती पत्रंही पोचली की नाही कोण जाणे. तो शब्द मी परत घेतो. उशीर झाला आहे, पण घेतो.

सुरबायाचं घर सोडलं. पेरू एकदाच लागले. आता मी शेवटच्या वीस मिनिटांचा माणूस आहे. संघ हरत असला की मला उठवतात, जिंकत असला तरी उठवतात, वेळ काढायला. बाकीचा वेळ बाकावर छत्रीखाली बसतो आणि चौतीस वर्षांचा होतो. गुडघ्यात पाणी भरतं. भोंग्यावर नाव येतं, पण सामन्याच्या आधी, यादी वाचतात तेव्हा, शेवटून दुसरं.

वारदा आता बारा वर्षांची होईल. जोडा घ्यायचा म्हणून इथल्या आमच्या गोलरक्षकाला विचारलं, बारा वर्षांच्या मुलीचा पाय केवढा असतो रे? त्याला तीन मुली. तो म्हणाला, "तुला मुलगी आहे? कधी बोलला नाहीस!"

मी म्हटलं, भाची आहे.

मग त्याने वहीच्या कागदावर स्वतःच्या मुलीचा पाय ठेवून रेघ मारून आणली. त्या मापाचा घेतलाय. बसला नाही तर कोणाला तरी देऊन टाक.

इदू


सांपित, कालिमांतान
८ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र आलं. पंधरा वर्षांनी. पाकिटावरचं अक्षर आधी ओळखलंच नाही, म्हातारं झालंय.

वारदाचं लग्न. मुलगा फादिल, बोटीवर इंजिन बघतो, घर चांगलं, १६ फेब्रुवारीला निकाह. दोन पानं लिहून झाल्यावर तळाशी खरी गोष्ट. काझी म्हणतो, जन्मदात्या बापाच्या शब्दाशिवाय निकाह लावणार नाही. कुटुंबाच्या कार्डावर काहारचं नाव असो की कोणाचं, त्याला तेव्हाचं कापड आठवतं. म्हणून मी काय करायचं? सांपितच्या निकाह कचेरीत जायचं, दोन साक्षीदारांसमोर लिहून द्यायचं की लेकीचा निकाह लावून द्यायचा माझा हक्क मी काहारला देतो, आणि कागद टपालाने पाठवायचा. "तू येऊ नकोस. पोरीला माहीत नाही. काझी नाव हळूच वाचेल."

वाचून मी हसलो. मोठ्याने हसलो, कुंपणापलीकडची बाई डोकावली. तेव्हा मोसाकाकांनी मला चेंडूची गोष्ट सांगितली होती ना? गेले बिचारे, नाहीतर विचारलं असतं. कापडावर सगळं बदलतं, फक्त बाप बदलत नाही. हे त्या दिवशी एकालाही सुचलं नाही!

तर ऐक. कागद मिळणार नाही. मी येणार. काझीसमोर मी बसणार, फादिलचा हात मी धरणार, तोंडाने मीच म्हणणार. मी आज काय आहे ते तुला माहीत नसेल. एका शाळेच्या मैदानावर गवत कापतो, चुन्याच्या रेघा मारतो, मुलींच्या संघाला शिकवतो. सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. हे एकच आहे, आणि ते तू हळूच वाचायला सांगतेस?

वारदाला तू सांग. पंधरा दिवस देतो. तू सांगितलं नाहीस तर मी धक्क्यावर उतरल्या उतरल्या सांगेन. मग कोणाच्या घरचं पाणी कोण पीत नाही ते बघू.

इद्रिस सालाम्पेसी


सांपित
२७ जानेवारी २०२५

वारदा,

तुझं पत्र मिळालं. "मामा" लिहिलंस आणि पुढे कंसात, "दुसरं काही लिहवत नाही, राग मानू नका." राग कसला. इतकी वर्षं मीच ते सांगायला लावलं.

तू लिहिलंस की आईने बिस्किटांचा डबा तुझ्यासमोर ठेवला आणि परसात जाऊन बसली. माझी सगळी पत्रं त्यात होती. मला वाटायचं ती चुलीत जात असतील. जोडेही होते, एकदाही न घातलेले, सगळ्या मापांचे. तू म्हणतेस, आई दर वर्षी म्हणायची, मामाचा जोडा येतो तो जपून ठेवायचा असतो, घालायचा नसतो. मला हे माहीत नव्हतं, मला ती नुसतं 'लहान झाला' एवढंच लिहायची.

तू रडली नाहीस असं लिहिलंस. तू नेटवर जाऊन शोधलंस. "पत्रात अकरा गोल आहेत. त्या मोसमाच्या यादीत तुमच्या नावापुढे चार आहेत. कुठलं खरं?"

चार खरे.

आजपर्यंत हे कोणी तपासलं नव्हतं. तुझ्याइतके चौकस पत्रकार आमच्या वेळी नव्हते म्हणून आम्ही निभावलो. चार गोल, तेही जूनच्या आधी. नंतर मी बाकावर होतो. गळ्यात पडणारं कोणी नव्हतं. मोसम ऑक्टोबरपर्यंत चाललाच नाही, सप्टेंबरात संपला. पुढचे तीन महिने मी रिकामा होतो. विमान होतं, बोट होती, खिशात तिकिटापुरतं होतं. मी कोटा बहारूलाच बसून राहिलो. सकाळी पळायचो, दुपारी झोपायचो, आणि कोणी तरी बोलावेल म्हणून वाट बघायचो. तुला न्यायला यायचं तेव्हा माझ्यात यायची ताकद नव्हती असं नाही. इच्छा नव्हती.

आता कापडाचं ऐक, कारण हे ताईलाही मी कधी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं, इदूने दिमाखाच्या भरात कापड अंथरलं आणि फसला. मीही तसंच सांगत आलो. पण मी त्याच गावचा आहे. माझा सख्खा चुलतभाऊ असाच दिलेला, तो माझ्या समोर वाढला. त्या कापडाचा अर्थ मला नमाजाइतका पाठ होता. ताई दोनदा म्हणाली, नको. तेव्हा मीच दुकानातून अडीच हात कापड फाडून आणलं.

मला परत यायचं नव्हतं, वारदा. मी तेवीस वर्षांचा होतो, मला खेळायचं होतं, आणि तू रात्रंदिवस रडायचीस. माझ्यामागे दार बंद व्हायला हवं होतं. पण बंद मी केलं असं नको होतं. म्हणून गावाकडून बंद करवलं आणि ताईच्या कानात ऑक्टोबर म्हणालो, पुढे चिडायला काही तरी हाताशी असावं म्हणून. त्यावरच मी बावीस वर्षं चिडलो. चोर कोण होतं ते तूच ठरव.

तुला वाटेल, मग २००९ साली का आला? तेव्हा खरंच न्यायला आलो होतो. ते खोटं नव्हतं. माणसाला अक्कल येते, पण तोवर पोरगी लवंगांवर पाय देऊ नका म्हणायला शिकलेली असते.

तुझा शेवटचा प्रश्न मी सात-आठ वेळा वाचला. "तुम्ही आलात आणि काझीसमोर बसलात, तर बाबा कुठे बसतील?"

उत्तर तुझ्या आईला कळवतो.

तुला मुलगा पसंत आहे ना? पत्रात सगळं विचारलंस, त्याच्याबद्दल काही लिहिलं नाहीस. इंजिन बघणारा माणूस बरा. बिघडलं की सोडून जात नाही, दुरुस्त करत बसतो.

खाली काय म्हणून सही करावी ते कळत नाही, म्हणून नुसतं

इद्रिस


सांपित
३ फेब्रुवारी २०२५

सापिया ताई,

कागद सोबत आहे. आज सकाळी निकाह कचेरीत जाऊन केला. साक्षीदार म्हणून शाळेचे हेडमास्तर आणि समोरचा चहावाला. कारकुनाने विचारलं, "मुलीचं लग्न, आणि तुम्ही जात नाही? आजारी आहात?" मी म्हटलं, गुडघा. गावात कोणी विचारलं तर तूही गुडघाच सांग. हेडमास्तर मात्र माझ्याकडे बघत राहिले. काल त्याच गुडघ्याने मी त्यांच्या शाळेतल्या मुलींबरोबर दीड तास खेळलो होतो.

सही एका झटक्यात केली. मी मागच्या वेळी तोंडाने दिली आणि मनात काही तरी वेगळंच ठेवलं. या वेळी मनात काही ठेवलेलं नाही.

वारदाने विचारलं, बाबा कुठे बसतील. दाजींच्या खांद्यावरून तिने ईदची मिरवणूक पाहिली, ताप आला तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन ते तालुक्याला चालत गेले, हे सगळं तूच तेव्हाच्या पत्रांत लिहिलं होतंस आणि मी ते भराभर वाचून गोलांचं लिहायला घेत असे. ते त्यांच्या जागी बसतील. मी येऊन मागे पाहुण्यांत बसलो असतो तरी ती जेवणभर माझ्याकडे बघत राहिली असती, की या माणसाला आता काय म्हणू. लग्नाच्या दिवशी पोरीला हे ओझं नको.

तुला चोर म्हणालो होतो. तो शब्द मंडालेहून परत घेतला होता, आज पुन्हा एकदा परत घेतो. माझ्या मुलीला तू चोरलं नाहीस. मी तुझ्या दारात टाकून गेलो आणि वर तुझ्याकडूनच पावती मागत राहिलो. जमलं तर माफ कर. नाही जमलं तरी जोडे जपून ठेवलेस, तेवढं मला पुष्कळ आहे.

एक मागणं आहे, आणि ते तुला मान्य करावं लागेल, कारण तसं कागदात लिहून घेता येत नाही म्हणाले. दाजी फादिलचा हात धरून म्हणतील, "इद्रिस सालाम्पेसीची मुलगी वारदा, तिच्या बापाने मला हक्क दिला आहे, तिचा निकाह मी तुझ्याशी लावतो." तू काझीला नाव हळू घ्यायला सांगितलं आहेस. तसं करू नका ताई. माझं नाव नऊ गावांत भोंग्यावर घेतलं गेलं, अर्धं गिळून, दर वेळी दुसऱ्याच कशासाठी तरी. ज्या गोष्टीसाठी घ्यायला हवं होतं त्यासाठी ते एकदाच घेतलं जाणार आहे, आणि तेही मी ऐकणार नाही.

दाजींना सांग, मोठ्याने म्हणा. ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतकं. एकदाच.

वारदाचा मामा,
इदू